भुताच्या घराची मालकी

पछाडलेल्या घरावरचे चित्रपट जुने चांगले की नवे, या वादात जुन्यांची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे साधारण तीन मुद्द्यांत मावते. जुन्या चित्रपटांत सूचकता होती, नव्यांत नुसते दचकवणे आणि गोंगाट उरला आहे. जुना वाडा, हलणारा कंदील, पांढरी साडी ही आपल्या मातीतली भीती होती, नवी भीती परदेशातून उचललेली आहे. आणि जुने चित्रपट शेवटी भुताचे बिंग फोडत असल्याने प्रेक्षक शहाणा होऊन घरी जाई, नवे मात्र भूत खरे मानून अंधश्रद्धा पेरतात. याच क्रमाने तपासले तर पहिला मुद्दा टिकत नाही, दुसरा मांडणाऱ्यावरच उलटतो आणि तिसऱ्याचे उत्तर देण्यासाठी जरा थांबावे लागते.

दचकवणे ही नव्यांची मिरास नाही. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री रस्त्याने एकटी चाललेली असते, मागून टाचांचा आवाज येत असतो, तो मध्येच थांबतो, आणि काही कळायच्या आत फुसकारा टाकत एक बस पडद्यावर घुसते. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या या युक्तीला चित्रपटसृष्टीत आजही त्याच्याच नावाने ओळखतात. १९५९ मध्ये विल्यम कॅसलने ‘हाउस ऑन हाँटेड हिल’च्या खेळांना प्रेक्षकांच्या डोक्यावरून प्लास्टिकचा सांगाडा तारेने सरकवण्याची सोय केली होती. याहून उघड गोंगाट आजही कोणी करत नाही. त्याच काळात, १९६३ मध्ये, रॉबर्ट वाइजचा ‘द हाँटिंग’ आला. त्यात भूत एकदाही दिसत नाही, फक्त एक बंद दार आतल्या बाजूला फुगू लागते, आणि तेवढे पुरते. काळाच्या चाळणीतून ‘द हाँटिंग’ राहिला, कॅसलचा सांगाडा किश्शांपुरता उरला. जुन्यांचे सर्वोत्तम आणि नव्यांचे सरासरी अशी तुलना मांडली की जुने जिंकणारच.

आपल्याकडेही हेच झाले. जुन्यांचे अभिमानी ‘महल’ (१९४९) आणि ‘बीस साल बाद’ (१९६२) यांची नावे घेतात आणि रामसे बंधूंपाशी आले की गप्प होतात. ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ चा, महाबळेश्वरात मोजक्या माणसांत चित्रित झालेला. ‘पुराना मंदिर’ १९८४ चा, ‘पुरानी हवेली’ १९८९ चा. तेही आता जुनेच आहेत, आणि ‘पुराना मंदिर’मधला सामरी हा सैतान सूचकतेसाठी प्रसिद्ध नाही. उलट २००३ चा ‘भूत’ नव्यांत मोडतो. राम गोपाल वर्मा यांनी त्यात एकही गाणे ठेवले नाही. मुंबईतल्या उंच इमारतीचा रिकामा जिना, लिफ्ट आणि रखवालदाराची नजर एवढ्या भांडवलावर त्यांनी अर्धा चित्रपट पेलला. संयम काळाच्या नव्हे, दिग्दर्शकाच्या स्वभावात असतो.

एक गोष्ट मात्र जुन्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे. ‘महल’मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यासाठी लता मंगेशकर ध्वनिमुद्रणात दुरून चालत मायक्रोफोनकडे येत गायल्या, असे सांगितले जाते. खेमचंद प्रकाश यांच्या चालीतला तो जवळ येणारा स्वर आणि जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाने टिपलेला झोपाळा यांना चित्रपटाने वेळ दिला. आवाज कुठून येतो याचा शोध घेणारा अशोक कुमार दालनामागून दालन ओलांडतो आणि प्रेक्षकाला घराचा नकाशा पाठ होतो. नकाशा पाठ झाल्याशिवाय घराची भीती वाटत नाही. दर दोन सेकंदांना दृश्य बदलणाऱ्या आजच्या बऱ्याच भयपटांत स्वयंपाकघर कुठे आणि जिना कुठे हेच कळत नाही, मग त्या जिन्यावर कोणीही उभे राहिले तरी काय फरक पडणार?

दुसरा मुद्दा ‘आपल्या मातीतल्या भीती’चा. मराठी लोकसमजुतीतली भुते बहुतांशी घराबाहेर राहतात. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानातल्या वाटेवर, वेताळ गावाच्या शिवेवर. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले करडी हे गाव घेतले, तर हा सगळा मुलूख धानाच्या बांध्यांचा, बोड्यांचा म्हणजे लहान तळ्यांचा आणि तलावांचा. जुनी घरे मातीच्या भिंतींची आणि कवेलूच्या छपराची. अशा घरात सगळे एका ओसरीवर झोपतात, एकाचा खोकला दुसऱ्याला ऐकू येतो, आणि बंद खोली ठेवण्याइतक्या खोल्याच नसतात. भुताला लपायला जागा लागते, ती तळ्याच्या पाळीवर किंवा मोहाच्या झाडाखाली मिळते. चाळीस खोल्यांच्या हवेलीत एकटा राहणारा तरुण मालक हे पात्र या मुलखातल्या कष्टकऱ्याच्या अनुभवात नव्हतेच.

ते आले इंग्रजी कादंबरीतून. ‘बीस साल बाद’च्या मागे शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिलच्या कुत्र्याची गोष्ट आहे, ‘कोहरा’च्या (१९६४) मागे ‘रिबेका’. दोन्ही चित्रपट दिग्दर्शक बीरेन नाग आणि निर्माते हेमंत कुमार यांचे. उसनवारी हा दोष मानायचा तर मराठी भयकथेचाही हिशोब द्यावा लागेल. नारायण धारपांनी स्टीफन किंगकडून बरेच घेतले, आणि त्यांच्या ‘आजी’ या कथेची छाया ‘तुंबाड’वर पडली. उसने आणलेले बी कोणत्या जमिनीत रुजले हे पाहावे. त्या दृष्टीने २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आलेला विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ जुन्या हवेलीपटांपेक्षा अधिक मराठी आहे, कारण त्यातले घर उसाच्या फडाच्या मधोमध आहे आणि भीती फडातून घरात शिरते. २०२४ च्या आदित्य सरपोतदारांच्या ‘मुंज्या’ने तर भूत परत झाडावर नेऊन बसवले. चित्रपट विनोदाकडे झुकतो ही गोष्ट वेगळी.

तिसरा मुद्दा वजनदार आहे. पूर्व विदर्भात जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना, विशेषतः एकट्या बायकांना मारहाण झाल्याच्या बातम्या अजूनही येतात. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम १९८२ मध्ये नागपुरातून सुरू झाले, आणि २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. अशा मुलखात भूत खरे आहे असे सांगणारा चित्रपट निरुपद्रवी नसतो. ‘महल’मध्ये भूत नाही, ‘बीस साल बाद’मध्ये नाही, राज खोसला यांच्या ‘वह कौन थी’मध्ये (१९६४) नाही. मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) याच वाटेने गेला. हे श्रेय जुन्यांचेच.

पण चित्रपट भूत खरे मानतो का, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. तो बोट कोणाकडे दाखवतो हेही पाहावे लागते. २००८ चा ‘फूंक’ या कसोटीवर साफ नापास होतो. त्यात नास्तिक बापाला शेवटी हात टेकावे लागतात आणि पोरीवर करणी करणारी एक बाई निघते. करणीवाली बाई शोधत फिरणाऱ्या जमावाला आयता पुरावाच हा. नव्यांवरचा आक्षेप इथे शंभर टक्के लागू पडतो. ‘लपाछपी’त मात्र भुते खरी आहेत आणि तरीही अंधश्रद्धेला बळ मिळत नाही. त्या घराने नकोशा मानलेल्या मुलींचे जीव घेतले, आठ महिन्यांची गरोदर नायिका त्या इतिहासात अडकते, आणि चित्रपट संपताना दोष भुताकडे नव्हे, मुलगाच हवा म्हणणाऱ्या जित्या माणसांकडे जातो. कोणताही मांत्रिक ते घर साफ करू शकत नाही.

याउलट, बिंग फोडणारे जुने चित्रपट बिंगाबरोबर आणखी काय काय झाकून टाकतात हे अभिमानी लोक पाहत नाहीत. ‘महल’मध्ये भूत म्हणून वावरणारी मुलगी माळ्याची आहे. मालकाच्या घरात माळ्याच्या मुलीकडे मालकाने मान वर करून पाहावे यासाठी तिला मेलेली व्हावे लागते. केवढा मोठा विषय कमाल अमरोहींच्या हाती आला होता! पण चित्रपट तो प्रेमाच्या शोकांतिकेत विरघळवतो आणि महालाची मालकी जिथल्या तिथे राहते. ‘बीस साल बाद’मध्ये जमीनदार घराण्याच्या पूर्वजाने एका गरीब मुलीवर केलेला अत्याचार हे सगळ्या प्रकरणाचे मूळ आहे. शेवटी भुताच्या जागी सूडाने पेटलेला हाडामांसाचा माणूस सापडतो, त्याचा बंदोबस्त होतो, आणि वारस नायिकेसह हवेलीत नांदायला मोकळा. पूर्वजाचे पाप सांगून झाले, फेडायचे कोणाला नाही. भूत खोटे ठरल्याबरोबर त्याची तक्रारही खोटी ठरवून टाकायची, ही त्या बुद्धिवादातली चलाखी होती.

म्हणून पछाडलेल्या घराच्या चित्रपटाची खरी कसोटी घराच्या मालकीत आहे. घर कोणाच्या पैशाने उभे राहिले, कोणाच्या कष्टावर चालले, कोणाला त्यातून हाकलले, आणि आज जो राहतो आहे त्याला हे ठाऊक आहे का? भूत म्हणजे या प्रश्नाचा जुना धनको. भूत खरे असो वा खोटे, चित्रपट हा हिशोब उघडतो की मिटवतो यावर त्याची उंची ठरते. या मापाने नव्यांतले निवडक चित्रपट जुन्यांतल्या निवडकांपेक्षा सरस ठरतात.

ही नवी वाट, सालाने जुन्यांतच बसणाऱ्या, १९८० च्या ‘गहराई’पासून मोजायला हवी. दिग्दर्शक अरुणा राजे आणि विकास देसाई, लेखनात विजय तेंडुलकर, वडिलांच्या भूमिकेत श्रीराम लागू. एवढी मराठी माणसे असूनही मराठी भयपटाच्या चर्चेत या चित्रपटाचे नाव क्वचितच निघते. बंगळुरात राहणारा चन्नबसप्पा गावाकडची जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो. जमीन सांभाळणारा बसवा विनवतो, त्याचे ऐकले जात नाही. मग चन्नबसप्पाची मुलगी उमा वेगळ्याच आवाजात बोलू लागते, आणि बापाने बसवाच्या बायकोशी जे केले ते भर घरात, आईसमोर बाहेर येते. शहरी दिवाणखान्यातला तो प्रसंग एकाही किंकाळीशिवाय अंगावर येतो, कारण तिथे पछाडलेली भिंत नसून बापाची प्रतिष्ठा आहे. मांत्रिकाला चित्रपटाने मुळीच सूट दिलेली नाही. अमरीश पुरींनी रंगवलेला पुट्टाचारी हा भुताइतकाच मोठा धोका निघतो. ‘महल’मध्ये माळ्याची मुलगी भूत झाली ती मालकाचे प्रेम मिळवायला. एकतीस वर्षांनी नोकराची बायको भूत होऊन आली ती जाब विचारायला.

‘भूत’मध्ये हाच प्रश्न सदनिकेच्या व्यवहारात शिरला. आधीच्या बाईचा त्याच गच्चीतून पडून मृत्यू झाल्याचे नवऱ्याला ठाऊक असते, आणि तो ते बायकोला सांगत नाही. महानगरात घर मिळणे इतके दुर्मीळ, की मृत्यू ही सौद्यातली एक अट होऊन बसते. महेश कोठारेंच्या ‘पछाडलेला’ने (२००४) वाड्यातल्या भुतांना हसण्यावारी नेले. त्याची मजा नाकारण्याचे कारण नाही, पण या प्रश्नाशी त्याला देणेघेणे नव्हते.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) हिशोबाला तारखा दिल्या. १९१८, १९३३ आणि १९४७. वाडा मालकाचा, त्याच्या पोटातले सोने हस्तर या लोभी देवाचे, आणि ते काढण्यासाठी नायक विनायकाला दर खेपेला कणकेची बाहुली घेऊन खाली उतरावे लागते. गव्हाच्या पिठाचे ते रिंगण, त्यात बसून हस्तराच्या लंगोटातून पडणाऱ्या मुद्रा घाईघाईने वेचणे, हे कष्ट कॅमेऱ्याने इतक्या जवळून पाहिले आहेत की लोभ हा एक रोजगार वाटू लागतो. बाप मुलाला तो रोजगार शिकवतो. स्वातंत्र्यानंतर सरकार वाड्याचा ताबा घेणार असे कळते तेव्हा विनायकाची घालमेल पाहावी: भुतापेक्षा त्याला तहसीलदाराची भीती जास्त.

पूर्व विदर्भात मात्र इतिहास उलटा घडला, आणि तो पडद्याला अधिक भयंकर कथा देऊ शकतो. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने, १९५१ पासून, मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली. गावावरचा मालगुजाराचा हक्क आणि तलाव सरकारकडे गेले, म्हणून ते आज माजी मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणवतात. पण राहते घर आणि घरची शेती कायद्याने मालगुजाराकडेच ठेवली. ‘तुंबाड’मधल्या कोकणातल्या कल्पित वाड्यावर सरकार चालून आले, इथे वाडा राहिला आणि भोवतालचे गाव त्याच्या हातातून निसटले. महेश एलकुंचवारांनी ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) विदर्भातल्या अशाच पडझडीचे नाटक लिहिले. भूत न आणताही त्यातला वाडा कोणत्याही रामसेपटापेक्षा जास्त पछाडलेला आहे. मराठी भयपटाने या ऐवजाला अजून नीट हात लावलेला नाही.

ज्या दिग्दर्शकाला तो लावायचा असेल त्याने झुंबरे आणि कोळिष्टके भाड्याने आणण्याआधी करडीच्या पंचक्रोशीतले एखादे निस्तारपत्रक वाचावे. चराई, सरपण यांवर कोणाचा किती हक्क, हे त्यात नोंदलेले असते. कोणाला काय नाकारले गेले होते याचा अंदाज त्यावरून येतो, आणि त्या घरात भूत कोणाचे असेल याचाही.