आमचाही एक पार



आपल्या मागच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि वेळेअभावी तसाच राहिला. गावोगावच्या महिला भजनी मंडळांबाबत संघटनेने कोणती भूमिका घ्यायची? काही जणींचे म्हणणे पडले की ही मंडळे बायकांना पुन्हा देवधर्मातच गुंतवतात, आपण त्यांच्यापासून दूर राहावे. काहींना वाटले की बायका जिथे जमतात तिथे आपण गेलेच पाहिजे, मग निमित्त काही का असेना. मी मालवणच्या किनाऱ्यावरच्या गावांत काम करते. माझे लहानपण भजनात गेले आणि आज कामही भजन गाणाऱ्या बायकांमध्येच आहे. म्हणून या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते.

आमच्याकडे भजन कानावर पडत नाही असे घर सापडणे कठीण. गणेशचतुर्थीत वाडीतली मंडळी रात्री घरोघर भजनाला फिरतात. बुवा पेटीवर, शेजारी पखवाज, मागे टाळ-झांजा घेतलेले साथीदार. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, सवाल-जबाब रंगतात, त्यासाठी लोक चार गावे ओलांडून येतात. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी हेच भजन गिरणगावच्या चाळींत आणि लोकलच्या डब्यांत नेले. अभंग, गवळण, गजर हे शब्द मला शाळेत जाण्याआधीच माहीत होते. लय आणि ठेका मी तिथेच शिकले, चार माणसांत तोंड उघडायला लागते ते बळही मला तिथेच मिळाले.

पण हे सारे मी शिकले ते माजघराच्या दारातून. बाहेर ओटीवर पुरुष गात, आत बायका उसळ परतत आणि चहाचे आधण ठेवत. रात्री एक वाजता येणाऱ्या भजनी मंडळींसाठी जागे राहायचे आणि पहाटे पुन्हा उठून नैवेद्याला लागायचे. माझ्या आजीला शेकडो अभंग पाठ होते, पण ती ते चुलीशी म्हणत असे. तिचा आवाज ओटीपर्यंत गेल्याचे मला आठवत नाही. बायकांच्या वाट्याला दिवसाची फुगडी होती. ती आनंदाची होती, जोराची होती, पण ती बायकांनी बायकांत खेळायची. पेटीला हात लावायचा नाही हे आम्हा मुलींना कुणी वेगळे सांगावे लागले नाही.

आश्चर्य असे की ज्या परंपरेचे हे भजन, त्या परंपरेत बायकांचा आवाज फार मोठा आहे. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. दळण-कांडण करता करता तिने विठ्ठलाला कामाला जुंपले. सोयराबाई ही चोखोबांची बायको. देवळाची पायरी चढायला बंदी असलेल्या जातीतली ही बाई विचारते की देह जन्मतो तोच विटाळातून, मग विटाळ नसलेला देह आहे तरी कुठला? सतराव्या शतकातल्या बहिणाबाईने तुकोबांना गुरू मानले म्हणून नवऱ्याने तिला मारहाण केली. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राचा उपदेश घ्यावा हे त्याला सहन झाले नाही. ही मारहाण तिने आपल्या अभंगांत स्वतः लिहून ठेवली आहे. घरातल्या हिंसेची एका बाईने मराठीत दिलेली इतकी जुनी साक्ष आपल्यापाशी आहे, हे आपल्या किती शिबिरांत सांगितले जाते?

मग या बायकांचे अभंग गायला बाईच का नको? याचे एक कारण आमच्या भागाच्या इतिहासात आहे. गोमंतकात आणि दक्षिण कोकणात देवळात गाणाऱ्या-नाचणाऱ्या, दिवाबत्ती करणाऱ्या बायका होत्या. कलावंतीण, भावीण अशी त्यांची नावे. देवाच्या नावाने त्यांना राबवले, गावातल्या बड्यांनी त्यांचे शोषण केले आणि वर बदनामीही त्यांच्याच माथी मारली. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. महाराष्ट्राला या प्रथेच्या निर्मूलनासाठी २००५ साली पुन्हा कायदा करावा लागला. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका या कलावंत घराण्यांतूनच आल्या. त्यांनी आपल्या कर्तृत्वाने मान मिळवला. पण गावात समज उरला तो एवढाच की देवळात गाते ती 'तसली' बाई आणि घरंदाज बाई गप्प राहते. एकीला गायला लावून लुटले, दुसरीला गप्प बसवून राबवले. दोघींमध्ये ही भिंत घालणारी व्यवस्था एकच होती, हे आपण विसरता कामा नये.

गेल्या काही वर्षांत चित्र बदलू लागले आहे. बऱ्याच वाड्यांत बायकांची मंडळे उभी राहिली, बचतगटांतून काहींनी पेट्या घेतल्या. गोव्यात कला अकादमीच्या भजन स्पर्धेत महिलांचा स्वतंत्र विभाग असतो. आमच्याकडेही महिला बुवांच्या बाऱ्या होऊ लागल्या आहेत. या मंडळांनी बायकांना काय दिले ते मी रोज पाहते. घराबाहेर पडायला भजन हे असे कारण आहे की ज्याला सासरा सहसा नाही म्हणत नाही. वहीत अभंग उतरवून घ्यायचे म्हणून पन्नाशीच्या बायकांनी विसरलेली अक्षरे पुन्हा गिरवली. हळदीकुंकवाला न बोलावली जाणारी विधवा इथे टाळ घेऊन मध्ये बसते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याचे परिपत्रक काढले. पण परिपत्रक भिंतीवर लागते आणि बाई भिंतीआडच राहते. ती बाहेर येते ते तिच्याशेजारी बसायला कुणी तयार असेल तेव्हा.

माझ्या कामातली एक घटना सांगते. एका मंडळातली पखवाज वाजवणारी तरुण सून आठ दिवस सरावाला आली नाही. तिघीजणी विचारपूस करायला घरी गेल्या तर तिचा हात सुजलेला. 'पडली' असे सांगण्यात आले. त्या तिघी तिथून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या तिला घेऊन माझ्याकडे आल्या आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज गेला. या बायका आपल्या एकाही शिबिराला आलेल्या नव्हत्या. ठेका चुकला की कळते, तशी माणूस चुकल्याचीही त्यांना कळली, एवढेच.

दुसरी गोष्ट सप्ताहाची. आमच्या देवळांत हरिनाम सप्ताहात सात दिवस रात्रंदिवस भजन चालते आणि त्याचे पार वाडीवार वाटलेले असतात. एका गावातल्या महिला मंडळाने मानकऱ्यांकडे रात्रीचा पार मागितला. दुपारी देवळात कुत्रेही नसते, ऐकणारी माणसे रात्रीच येतात. उत्तर मिळाले : बायलमाणसांनी रात्री कशाला? मग पाळीचे काय, हा प्रश्न आला. मग मुख्य गाणारी विधवा आहे, तिने मागे बसावे, अशी सूचना आली. म्हणजे एका पाराच्या मागणीवर सगळी बंधने एका ओळीत उभी राहिली. मंडळातल्या एक म्हाताऱ्या बाई एवढेच म्हणाल्या, "देवाक बायल काय आणि बापयो काय?" पहिल्या वर्षी दुपारचा अर्धा पार मिळाला. दुसऱ्या वर्षी बायकांनी चहा-उसळ करायचे नाकारले, तेव्हा रात्रीचा एक पार मिळाला. ती विधवा बाई पेटीवर पुढे बसली. पाळीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्या दिवशी जिला अडचण, ती आजही घरीच राहते.

शिंगणापूरच्या चौथऱ्याचा वाद गाजत असताना, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात १९५६ च्या कायद्याचा दाखला निघाला आणि देवळात प्रवेश हा स्त्रीचा हक्क असल्याचे स्पष्ट झाले. पण उंबरा ओलांडणे ही एक गोष्ट आणि आत बसून आपल्या आवाजात गाणे ही दुसरी. कायद्याने पहिली मिळते, दुसरीसाठी गावातच झगडावे लागते.

म्हणून या मंडळांपासून दूर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र डोळे मिटूनही जाऊ नये. आज मंडळे जातीवार, वाडीवार आहेत. पंढरपूरचे देऊळ दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले होते. आपल्या मंडळात बौद्धवाडीतली बाई नसेल, तर ती का नाही आणि तिला यायचे तरी आहे का, हे आधी तिला विचारायला हवे. किनाऱ्यावर आमच्या शेजारणी ख्रिस्ती आणि मुसलमानही आहेत. भजन त्यांच्याविरुद्धची घोषणा होऊ लागले तर ते थांबवणे आपले काम आहे. निवडणूक आली की मंडळांना साड्या आणि टाळ वाटले जातात, तेव्हा त्यांचा हिशेब मागायला शिकवले पाहिजे. नवऱ्याच्या पायाशी स्वर्ग दाखवणारी पदे गायची की नाहीत, यावर मंडळातच चर्चा व्हायला हवी. ती बाहेरून जाऊन आपण लादू नये.

आपल्या चळवळीलाही गाण्याचे वावडे कधीच नव्हते. स्त्री मुक्ती संघटनेचे 'मुलगी झाली हो' १९८३ पासून गावोगाव पोचले ते गाण्यांच्या बळावरच. जिला चारचौघांत गाता येते तिला ग्रामसभेत बोलायला फार वेळ लागत नाही, हा माझा अनुभव आहे.

तेव्हा प्रत्येक गटाने एवढे करावे. आपल्या गावातले भजनी मंडळ शोधा, त्यांच्या सरावाला जाऊन बसा, भाषण देऊ नका. सोयराबाई आणि बहिणाबाई यांच्या अभंगांची एक वही त्यांना द्या. देवळात बायकांना कोणता पार मिळतो, पेटीवर कोण बसते, विधवा कुठे बसते, पाळीच्या दिवसांत काय होते आणि कोणत्या वाडीतली बाई येत नाही, या पाच गोष्टींची नोंद करून आमच्याकडे पाठवा. पुढचा अंक त्यावरच काढू.