ऐकणाऱ्यांचे घर

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त लंडनला असतो. नाताळच्या पत्रात त्याने आम्हांस कळविले, 'फादर, आठवड्यातून एक संध्याकाळ मी घराजवळच्या पबमध्ये जॅझ ऐकायला जातो. तो पब शेजाऱ्यांच्याच मालकीचा आहे.' हे पत्र आम्ही चार जाणत्या मंडळींपुढे वाचून दाखविले. 'पोरगा हातचा गेला म्हणायचा!' असा पहिला उद्गार निघाला. दुसरे गृहस्थ म्हणाले, 'पब, त्यात जॅझ, आणि फादर ते कौतुकाने वाचतात!'

होय, आम्ही ते कौतुकाने वाचले. त्याचे कारण येथे स्पष्टपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

त्या तरुणाने लिहिले आहे ते असे. खोलीच्या एका कोपऱ्यात पियानो, मोठे उभे बास, ड्रम आणि सॅक्सोफोन घेऊन चौघे बसतात. आरंभी सर्व मिळून एक धून वाजवितात. मग एकेक जण तिच्यावर स्वतःच्या मनातले, त्याच क्षणी सुचलेले वाजवितो. त्या वेळी उरलेले तिघे त्याला आधार देतात, त्याच्यावर कुरघोडी करीत नाहीत. शेवटी सारे पुन्हा मूळ धुनेवर येतात. कोणी चुकला तर ते लपत नाही, साधले तर टाळी तेथल्या तेथे मिळते. मध्यंतरी टोपी फिरते व प्रत्येक जण यथाशक्ति त्यात पैसे टाकतो. एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे व पाळी सर्वांना मिळावी, ही शिस्त आमच्या किती सभांतून आढळते?

आता त्या मालकीविषयी. दक्षिण लंडनमधील नन्हेड येथे 'आयव्ही हाऊस' नावाचा जुना पब आहे. १९७० च्या दशकात तेथे नामांकित संगीत होत असे. २०१२ साली तो बंद पडला आणि वास्तू विकली जाण्याची वेळ आली. इंग्लंडमध्ये २०११ च्या एका कायद्याने लोकोपयोगी वास्तू विकली जात असता स्थानिकांना ती घेण्यासाठी मुदत मागण्याचा हक्क दिला होता. शेजाऱ्यांनी तो बजावला. ३७१ जणांनी भाग घेतले, कर्ज व अनुदान मिळविले आणि २०१३ साली ती जागा आपली केली. गाण्याची जागा जाणार म्हणून उसासे टाकण्याऐवजी त्यांनी खिशात हात घातला. आमच्या कौतुकाचे हे मुख्य कारण होय.

'परंतु तेथे दारू असते!' असते. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही या मंडळींपेक्षा अधिक पाहिली आहेत. त्यांतील विधवांचे अश्रू आमच्यासमोर ओघळले आहेत. दारूचे समर्थन आम्ही कधी केले नाही व करणारही नाही. पण मंडळी, प्रामाणिकपणे सांगा : ज्या लग्नांत व साखरपुड्यांत आपण मांडवामागे पेट्या उघडता, तेथे कोणी गाणे ऐकत असते काय? ग्लासापाशी ऐकणारा माणूस आणि ग्लासासाठीच आलेला माणूस यांत अंतर आहे.

'जॅझ हे हलके संगीत.' हा आक्षेप तर अज्ञानाचाच आहे. न्यू ऑर्लीन्स या कॅथलिक परंपरेच्या शहरात, गुलामगिरी भोगलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांनी ते घडविले. अंत्ययात्रेतही ते वाजले. मेरी लू विल्यम्स या थोर पियानोवादिकेने १९५४ साली वादन सोडले आणि पुढे १९५७ साली कॅथलिक धर्मात प्रवेश केला. संगीत आता पाप, असे तिला वाटले असते तर नवल नव्हते. परंतु तिला पुन्हा पियानोकडे वळण्यास सांगणाऱ्यांत धर्मगुरूच होते! तिने रचलेली मिस्सा १९७५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये जॅझच्या सुरांत झाली.

'ते परक्यांचे आहे.' हेही खरे नव्हे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. ती शिदोरी घेऊन आमचे गोवेकर बांधव मुंबईस आले. १९३५ साली लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, तेव्हा ते संगीत आत्मसात करणाऱ्यांत हेच होते. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या संगीतात त्यांचा ट्रंपेट वाजला आणि 'अलबेला' (१९५१) चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही झळकला. ज्या चालींवर मराठी घरे डोलली, त्यांत एका चर्चच्या शाळेची तालीम मिसळलेली आहे. मग परके कोण?

आता आमचा आरोप. आपल्या गावोगावी बँडची पथके होती. शेतावरून येऊन, हातपाय धुऊन, कंदिलाच्या उजेडात सराव करणारी माणसे आम्ही बालपणी पाहिली. आज लग्नात डीजेच्या भिंती उभ्या राहतात, म्हाताऱ्यांची छाती धडधडते, तान्ही मुले दचकतात आणि त्यासाठी हजारो रुपये आनंदाने मोजले जातात. क्लॅरिनेट वाजविणाऱ्या काकांशी मात्र शे-दोनशेंसाठी घासाघीस होते व जेवणही शेवटच्या पंगतीला मिळते. आपली मुले व्हायोलिन शिकतात ती परीक्षेच्या प्रमाणपत्रापुरती. नंतर वाद्य कपाटावर चढते, कारण वाजवायला जागा नाही आणि ऐकायला माणूस नाही. वाद्यांची कला आपोआप मरत नाही; आपण तिची उपासमार करतो आणि मग तिच्या नावाने शोकसभा भरवितो.

आपल्याला पब विकत घ्यायचा नाही. आपल्यापाशी धर्मग्रामाचे सभागृह आहे, आपल्याच वर्गणीतून बांधलेले. ते लग्नाच्या तारखांखेरीज कुलूपबंद असते. महिन्यातून एका संध्याकाळी ते उघडावे. बँडमधील वृद्धांनी व व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांनी एकत्र वाजवावे, कोणास जॅझ येत असेल तर त्याने तेही वाजवावे. चहा असावा, टोपी फिरावी, आणि वाजविणाऱ्याला पहिल्या पंगतीचा मान मिळावा. कुलपाची किल्ली आमच्याकडे आहे. ती देण्यास आम्ही सिद्ध आहोत. पोरगा हातचा गेला म्हणणाऱ्यांनी प्रथम ती मागण्यास यावे.