मोठ्या डॉक्टरकडून परत आल्यावर

लिव्हर घट्ट आणि कमजोर करणारा सिऱ्हॉसिस झालेल्या माणसाचे गुडघेही दुखतात. दाढ ठणकते, कंबर धरते, पावसाळ्यात ताप येतो. अशा वेळी तो पुण्या-मुंबईच्या लिव्हर स्पेशालिस्टकडे जात नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो, आणि तिथे गर्दी असली तर सरळ मेडिकलच्या दुकानात. तिथे डायक्लोफिनॅकची गोळी मिळते, नाहीतर दवाखान्यात कमरेत इंजेक्शन. एरवी चालून जाणारी ही गोळी सिऱ्हॉसिसमध्ये किडनीवर घाव घालू शकते, पोटातलं पाणी वाढवू शकते, आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतील तर रक्तस्रावाला निमित्त होऊ शकते. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. समोरच्याचं लिव्हर कोणत्या अवस्थेत आहे, हे त्याला माहीतच नसतं. स्पेशालिस्टने ‘पेनकिलर घेऊ नका’ असं बजावलेलंही असतं. पण ते ऐकलं होतं मुलाने, आणि दुकानात गेले वडील एकटे.

गंमत अशी की ‘लिव्हर खराब आहे’ म्हणून घरचे पॅरासिटामॉलला घाबरतात आणि डायक्लोफिनॅक बिनघोर देतात. खरं तर मर्यादेत घेतलेली पॅरासिटामॉल अशा रुग्णासाठी जास्त सुरक्षित असते. सहसा दिवसाला दोन ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, ही कमाल मर्यादा धरतात. वजन कमी असेल किंवा दारू चालू असेल तर त्याहूनही कमी. हा आकडा आपल्या डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्या.

पोटाच्या आणि लिव्हरच्या जुनाट आजारांत टाळता येण्यासारखं बरंचसं नुकसान मला या मधल्या जागेत दिसतं. स्पेशालिस्ट हुशार असतो, फॅमिली डॉक्टर जवळचा असतो, आणि एकाने काय केलं याचा दुसऱ्याला पत्ता नसतो. दोघांमध्ये निरोप्याचं काम रुग्णाच्या घरच्यांवर येतं, आणि ते काम आपलं आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे एक रीतच पडली आहे. एकदा ‘मोठा डॉक्टर’ लाभला की गावातल्या डॉक्टरकडे जायला लोक संकोचतात. ‘त्यांना न विचारता गेलो, आता कोणत्या तोंडाने जायचं?’ किंवा ‘त्यांना यातलं काय कळतंय?’ दोन्ही विचार सोडून द्या. स्पेशालिस्ट वर्षातून दोन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं भेटणार. रात्री साडेदहाला बाबा असंबद्ध बोलायला लागले तर तो फोन उचलेलच असं नाही. गावातला डॉक्टर बाबांना आधीपासून ओळखतो. बोलण्यात फरक पडलाय हे तो दारातूनच ओळखेल. त्याला आजाराचं नाव, चालू औषधं आणि धोक्याच्या खुणा माहीत असायला हव्यात, एवढंच.

म्हणून स्पेशालिस्टच्या खोलीतून उठण्याआधी काही गोष्टी लिहून मागा. आजाराचं पूर्ण नाव, कारण आणि अवस्था. केसपेपरवर नुसतं ‘सीएलडी’ लिहिलेलं असेल तर ‘म्हणजे काय, सिऱ्हॉसिस आहे का?’ असं सरळ विचारा. कोणती औषधं त्यांना विचारल्याशिवाय कोणीही बंद करायची नाहीत, तेही मागा. कोणत्या तपासण्या किती दिवसांनी, आणि त्यातल्या तालुक्याला कोणत्या होतील, तेही. ‘आमच्या डॉक्टरांसाठी चार ओळी लिहून द्याल का?’ असं विचारण्यात कसला आलाय अपमान? बहुतेक स्पेशालिस्ट खुशीने देतील. आणि अशा चार ओळी न मागता लिहिण्याची सवय डॉक्टर मंडळींनीही पुन्हा लावून घ्यायला हरकत नाही.

विचारल्याशिवाय बंद न करण्याच्या औषधांवर जरा थांबतो, कारण घोळ होतात ते इथेच. फुगलेल्या शिरांमधला दाब कमी करायला प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल देतात. दोन्ही गोळ्या बीपीसाठीही वापरतात. मग कोणीतरी म्हणतं, ‘यांना बीपी कुठे आहे?’ आणि गोळी बंद होते. ती बीपीसाठी दिलेलीच नव्हती, रक्ताची उलटी होऊ नये म्हणून होती. उलट बाजूही आहे. पोटात पाणी असलेल्या रुग्णाचं वरचं बीपी ९० च्या खाली जाऊ लागलं तर ही गोळी कमी किंवा बंद करावी लागते. बीपी मोजणार गावातला डॉक्टर, निर्णय घेणार स्पेशालिस्ट. मध्ये फोन हवाच.

लॅक्टुलोजच्या पातळ औषधाचंही तसंच. ते नुसतं बद्धकोष्ठासाठी आहे असं समजून लोक ‘आता पोट साफ होतंय’ म्हणून बाटली ठेवून देतात. लिव्हर कमजोर झालं की आतड्यात तयार होणारे विषारी पदार्थ मेंदूपर्यंत पोचतात आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. दिवसा झोपतो, रात्री जागतो, सही वेडीवाकडी करतो. हे टाळण्यासाठी दिवसाला दोन-तीन मऊसर शौच व्हावीत इतकं लॅक्टुलोज लागतं. पाच-सहा वेळा जुलाब होत असतील तर मात्रा कमी करायची, एकदाच होत असेल तर वाढवायची. हा हिशेब घरच्या माणसाने शिकून घ्यावा. आणि झोप लागत नाही म्हणून अशा रुग्णाला झोपेची गोळी कधीही परस्पर देऊ नये.

पाणी उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रोज सकाळी वजन करून वहीत टिपा. उलट्या-जुलाब सुरू झाले तर ‘या गोळ्या आज द्यायच्या का?’ हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असताना त्या चालू राहिल्या तर किडनी अडचणीत येते. मिठाबाबतही एक समज खोडायला हवा. सैंधव म्हणजे सोडियम नसलेलं मीठ नव्हे, तेही मीठच. आणि दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं, जे स्पायरोनोलॅक्टोन ही पाणी उतरवणारी गोळी घेणाऱ्याला धोक्याचं ठरू शकतं. पापड, लोणचं, फरसाण आवरलं तरी निम्मं काम होतं.

पथ्य हा घराघरातला वादाचा विषय. शहरातली आहारतज्ज्ञ सांगते, प्रथिनं भरपूर द्या. गावी आल्यावर शेजारीण सांगते, काविळीला फक्त उसाचा रस आणि बिनफोडणीचं वरण. सिऱ्हॉसिसमध्ये स्नायू झपाट्याने झिजतात, आणि झिजलेल्या रुग्णाची तब्येत आणखी ढासळते. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जावीत, अशी शिफारस आहे. डाळी, अंडी, दूध, दही, पनीर, जे घरात चालतं ते. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायला हवंच. कारण या रुग्णांचं शरीर रात्रभराच्या उपाशीपणातही बरीच झीज करून घेतं. म्हणून एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार यांचे उपास त्यांनी सोडावेत. माळकरी आजोबांना हे सांगणं सोपं नाही, मान्य आहे. त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. अशा वेळी गावातल्या ओळखीच्या डॉक्टरचा शब्द शहरातल्या प्राध्यापकापेक्षा जास्त चालतो.

आता काढ्यांबद्दल. महाराष्ट्रात कित्येकांचे फॅमिली डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस आहेत, आणि ते चांगलं काम करतात. माझी विनंती रुग्णाला आहे. जे काही घेताय ते दोघांनाही सांगा. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा चालू होता. त्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. त्या वादात आपल्याला पडायचं कारण नाही. पण लिव्हर आधीच आजारी असलेल्या माणसाने असले प्रयोग करू नयेत, यात वाद काय असणार? लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीपीटी अचानक वाढलं आणि काढ्याची गोष्ट लपवलेली असली, तर डॉक्टर भलतीकडेच कारण शोधत बसतो आणि तपासण्यांचा खर्च तुमच्या माथी येतो.

दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, हे सिऱ्हॉसिसच्या रुग्णाचं सर्वात जास्त चुकणारं काम. दुखत काही नसतं, मग कशाला? लिव्हरचा कॅन्सर लहान असताना दुखत नाही, म्हणूनच. लहान असताना सापडला तर उपचाराला वाव असतो. या सोनोग्राफीसाठी मुंबई गाठायची गरज नाही. तालुक्याला करा, रिपोर्ट पाठवा. पोटात पाणी भरू लागलं, रक्ताची उलटी झाली किंवा भ्रम होऊ लागला, तर ‘प्रत्यारोपणाचा विचार करायचा का?’ हा प्रश्न स्पेशालिस्टला तुम्ही स्वतः विचारा. त्यासाठी लवकर जाणं बरं. नोंदणी, दाता, पैसा, सगळ्यालाच वेळ लागतो.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, बरळणं, पोटात पाणी असताना आलेला ताप किंवा पोटदुखी, लघवी फारच कमी होणं. यातलं काहीही झालं तर ‘आपल्या’ स्पेशालिस्टची वेळ घेत बसू नका. १०८ ला फोन करा, जवळचं मोठं रुग्णालय गाठा आणि फाईल बरोबर न्या.

फॅटी लिव्हरची गोष्ट उलटी आहे. हेल्थ चेकअपच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ वाचून लोक धावत लिव्हर स्पेशालिस्टकडे जातात. बहुतेकांना त्याची गरज नसते. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून ‘फिब-४’ नावाचा निर्देशांक फॅमिली डॉक्टर दोन मिनिटांत काढू शकतो. तो १.३ च्या खाली असेल तर लिव्हर घट्ट होण्याचा धोका सहसा कमी असतो. त्याच्या वर असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती घट्ट झालं ते मोजणारी तपासणी, आणि स्पेशालिस्ट. पासष्टीनंतर ही मर्यादा थोडी वर धरतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, म्हणजे हे काम प्राथमिक पातळीवरचंच मानलं गेलं. उपचार तर तिथेच आहे. वजन सात-दहा टक्क्यांनी उतरवणं, साखर आणि बीपी ताब्यात ठेवणं, दारू सोडणं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी एसजीपीटी जरासं वाढलंय म्हणून घाबरून बंद करू नका. फॅटी लिव्हरमध्ये ती सहसा सुरक्षित असते, आणि या रुग्णांना हृदयविकाराचा धोकाही मोठा असतो.

हिपॅटायटिस बी बहुतेकदा रक्तदानात किंवा बाळंतपणाच्या तपासणीत कळतो, आणि रिपोर्ट कपाटात जातो. तो बाहेर काढा. २८ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सी बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी बहुधा आयुष्यभर सांभाळावा लागतो, टेनोफोव्हिरसारखी गोळी मनाने सोडली तर आजार उसळू शकतो. घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि लस करून घ्या. आईला बी असेल तर बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस मिळायलाच हवी, शिवाय इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन लागेल का, हे बाळंतपणाआधीच विचारून ठेवा. आणि पुढे कधी केमोथेरपी, स्टेरॉईड किंवा संधिवाताची जोरदार औषधं सुरू व्हायची असतील, तर त्या डॉक्टरला ‘मला बी आहे’ हे आधी सांगा. झोपलेला विषाणू या औषधांनी जागा होऊ शकतो. टीबीची औषधं सुरू करतानाही लिव्हरचा आजार सांगायलाच हवा.

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हे आतड्यांचे जुनाट आजार असणाऱ्यांना दोनच गोष्टी. स्टेरॉईडने बरं वाटतं म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून ते परत परत घेऊ नका, आणि चालू असेल तर एकदम थांबवूही नका. ॲझाथायोप्रिन चालू असेल तर सीबीसी या रक्ततपासणीच्या तारखा चुकवू नका.

राहिली फाईल. सरकारी रुग्णालयात दर वेळी नवा निवासी डॉक्टर भेटतो, तिथे तुमचा कागद हीच एकमेव आठवण असते. मेडिक्लेमला मूळ डिस्चार्ज कार्ड देण्याआधी त्याची झेरॉक्स काढा. एंडोस्कोपी आणि बायोप्सीचे रिपोर्ट फेकू नका. आभा हा सरकारी डिजिटल आरोग्य क्रमांक काढला असेल तर उत्तम, पण कागद तरीही ठेवा. सगळ्यात वर एकच पान हवं. त्यावर आजार, चालू औषधं, चालत नाहीत अशी औषधं, शेवटची सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी कधी झाली, दोन्ही डॉक्टरांचे फोन. त्या पानाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू द्या, आणि एक झेरॉक्स रुग्णाच्या खिशात.

घरात असा रुग्ण असेल तर या आठवड्यात ती फाईल घेऊन तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा. ताप नसताना, दुखत नसताना, फक्त फाईल दाखवायला. गर्दी नसेल अशी वेळ आधी विचारून घ्या, आणि तेवढ्या वेळाची फी आपणहून द्या.