न दुखणारी जखम

मे महिना आला की चंद्रपूरच्या तापमानाच्या बातम्यांसोबत आणखी एक गोष्ट हमखास येते. सनस्क्रीन लावा, नाहीतर त्वचेचा कॅन्सर होईल, असा सल्ला. काल तो मलाही कुणीतरी पाठवला. वाचला आणि आत्या आठवली. तिनं सगळं आयुष्य उन्हात काढलं, पण तिला कॅन्सर झाला तो उन्हानं नव्हे.

आत्या मूलजवळच्या एका खेड्यात राहते. लहानपणी चुलीवरचं आंधण तिच्या नडगीवर सांडलं, त्याचा चट्टा राहिला. पन्नासेक वर्षं त्यानं काही त्रास दिला नाही. मग एका पावसाळ्यात रोवणीच्या चिखलात तो फाटला आणि भरेचना. हळद झाली, झाडपाला झाला, एका दवाखान्यात वर्षभर ड्रेसिंग झालं. मीसुद्धा गावी जाताना मलमाच्या ट्यूब न्यायचो. नागपूरला दाखवू म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "दुखत नाई नं बाबू, मंग कायले जाचं?" खरं सांगायचं तर मलाही ते पटायचं.

शेवटी जखमेच्या कडा फुगून वर आल्या, वास यायला लागला, तेव्हा तिला नेलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. स्क्वेमस सेल कार्सिनोमा. तो हाडापर्यंत गेला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्यानंतर मी बरंच वाचलं. मेलॅनोमा सोडला तर त्वचेचे मुख्य कॅन्सर दोन. बेसल सेल हा जगात सगळ्यात जास्त आढळणारा. तो बहुधा गोऱ्या कातडीच्या लोकांना, चेहऱ्यावर होतो, सावकाश वाढतो आणि सहसा दुसरीकडे पसरत नाही. दुसरा स्क्वेमस. तो काखेतल्या, जांघेतल्या गाठींपर्यंत पोचू शकतो. जगभर दोन्हींचं मोठं कारण ऊनच. आपल्या सावळ्या रंगानं त्यापासून बरंच संरक्षण मिळतं, पण भाजल्याच्या जुन्या चट्ट्यात आणि वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेत उगवणारा स्क्वेमस रंग बघत नाही. मार्जोलिन या फ्रेंच सर्जननं १८२८ साली चट्ट्यातल्या अशा व्रणांचं वर्णन केलं होतं, त्याचंच नाव त्यांना आहे.

तुम्ही म्हणाल, हे दुर्मिळ असणार. आहेच. बहुतेक चट्टे आयुष्यभर काही करत नाहीत. पण आपल्या भागात न भरणाऱ्या जखमा किती आहेत ते बघा. कुष्ठरोगानं बधिर झालेल्या तळव्याचे व्रण. (आनंदवन आपल्याच वरोऱ्याजवळ उभं राहिलं, ते उगाच नाही.) चुलीवर भाजलेल्या बायका. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडच्या कौडीकसा भागात तर विहिरी-बोअरच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं, आणि तेही त्वचेच्या कॅन्सरचं एक कारण आहे.

आणि कंबर! टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच घट्ट धोतराच्या जागी होणाऱ्या कॅन्सरवर लिहिलं होतं. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी कमरेवर असा कॅन्सर झालेल्या दोन बायकांची हकिगत प्रसिद्ध केली. एकीला परकराच्या घट्ट नाडीनं, दुसरीला वर्षानुवर्षं करकचून नेसलेल्या लुगड्यानं. लुगडं सोडा असं कोण म्हणेल? नाडी सैल बांधा, जागा बदला, घट्टा पडला तर दाखवा, एवढंच.

मला राग येतो तो याचा, की हा आजार लपून बसत नाही. तो डोळ्यांसमोर असतो. त्याला स्कॅन लागत नाही, सुरुवातीला फक्त एक तुकडा लागतो. वेळेत कळलं तर आजूबाजूच्या थोड्या निरोगी कातडीसकट तो कापून काढतात, गरज पडली तर दुसरीकडची कातडी लावतात, काहींना रेडिएशन देतात. बहुतेक जण बरे होतात. उशीर झाला की मग पाय जातो, कधी माणूसही जातो. चंद्रपुरात २०१५ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, म्हणजे सोय अगदीच नाही असंही नाही. पण तुकडा काढायला हवा हे मलमपट्टी करणाऱ्याच्या डोक्यात यायला हवं. आशाताई घरोघरी जाऊन चट्टे विचारतातच, त्यांच्या प्रश्नांत "भरत नसलेली जखम आहे का?" हाही असावा. दोन-तीन महिने नीट ड्रेसिंग करूनही जखम भरत नसेल, तर पुढचं मलम लिहून देण्याआधी तुकडा गेलाच पाहिजे.

दुखत नाही म्हणजे काही नाही, हा हिशोब आत्याचा होता, डॉक्टरचा होता आणि माझाही होता. पाय मात्र तिचा गेला.

असो. आत्या आता कृत्रिम पाय लावून अंगणात फिरते. गावात कुणाच्या पायाला पट्टी दिसली की थांबवून विचारते, "तुकडा काढला का बापा?"