हिशेब चावडीवर हवा

इम्पीरियल कौन्सिलात १९०२ साली नामदार गोखले यांनी सरकारच्याच छापील आकड्यांवरून शिलकी अंदाजपत्रकामागील रयतेचे दारिद्र्य उघडे केले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या १९९८ च्या वित्तीय पारदर्शकता संहितेचे सारही हेच की, जमाखर्च वेळेवर, संपूर्ण आणि समजेल असा प्रसिद्ध व्हावा. परंतु गोखल्यांचे कोतळूक असो वा मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याची रामपायली, दिल्लीच्या जाडजूड अंदाजपत्रकात तेथील ग्रामस्थाला आपला रस्ता सापडत नाही. ग्रामसभेला १९९३ पासून घटनेचा आधार आहे. २००५ पासून माहितीचा अधिकारही आहे. तथापि हिशेबासाठी नागरिकाने अर्ज का करावा? रस्त्यासाठी किती आले, किती खर्चले, हे पंचायतीने ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि चावडीवर लिहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.