'शारदा' जुनी झाली म्हणे!

नाटककार देवल आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांचं 'संगीत शारदा' (१८९९) शाळेत कशाला, विषय संपला, असं साताऱ्यातले एक शिक्षकमित्र म्हणतात. साफ चूक! 'जरठ-कुमारी विवाहावरील नाटक' हे गाइडातलं उत्तर जुनं झालंय, नाटक नव्हे.

नववीला एकच प्रवेश द्या, पण ओळीओळीला थांबा. कांचनभट पोरीबद्दल बोलतो, त्यात व्यवहार किती, माया किती? शारदेला कोण विचारतं? त्या वयाच्या मुलींना हे समजवावं लागत नाही. (१९२९चा सारडा कायदा हरबिलास सारडांच्या नावाचा, आपल्या शारदेच्या नव्हे, बरेच जण गल्लत करतात.)

भुजंगनाथाचे संवाद मात्र मुलांकडूनच वाचून घ्या. माझ्या वयाच्या माणसाने वाचले, तर वर्ग नुसता हसत बसेल.