विश्लेषण : गर्दीचा पूल फुकट, मोकळा पूल महाग! रस्त्यांचे पैसे नेमके कोण देतो?

पनवेल-उलवे भागातून मोटारीने मुंबई गाठायची असेल तर दोन पर्याय समोर असतात. वाशीचा खाडीपूल सकाळी वाहनांनी तुंबलेला असतो, पण तिथे मोटारींना टोल नाही. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू मोकळा असतो, पण त्यावर पेट्रोल-डिझेल मोटारीला एका फेरीसाठी २५० रुपये मोजावे लागतात. म्हणजे जिथे जागेची टंचाई आहे तिथे दर शून्य आणि जिथे जागा रिकामी आहे तिथे दर चढा. भाजीबाजारात असे कुणी केले तर आपण त्याला वेड्यात काढू. रस्त्यांच्या बाबतीत मात्र हेच धोरण म्हणून चालते.

टोलमाफी म्हणजे नेमके काय?

मुंबईतील उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी दहिसर, मुलुंडमधील दोन, ऐरोली आणि वाशी अशा पाच प्रवेशद्वारांवर टोल घेतला जात होता. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हलक्या वाहनांना तो माफ केला. सरकारनेच तेव्हा दिलेल्या आकडेवारीनुसार या नाक्यांवरून रोज सुमारे साडेतीन लाख वाहने जात आणि त्यांतील २.८० लाख हलकी होती.

पण माफी दिली म्हणून खर्च नाहीसा होत नाही. त्याची भरपाई एकतर सरकारी तिजोरीतून होते, नाहीतर उरलेल्या वाहनांकडून आणखी काही वर्षे वसुली करून. तिजोरी भरते ती साबणापासून मोबाइल रिचार्जपर्यंत सगळ्यांवर लागणाऱ्या करांतून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील जेमतेम साडेसात टक्के कुटुंबांकडे मोटार आहे. लोकलला लटकून कामावर जाणाऱ्याच्या करातून मोटारवाल्याचा टोल भरला जात असेल, तर त्याला ‘सामान्यांना दिलासा’ म्हणता येईल का?

रस्त्याचा खर्च किती प्रकारचा?

तीन प्रकारचा. पहिला बांधणीचा, जो एकदाच होतो. दुसरा झिजेचा, जो कायम चालू राहतो. तिसरा कोंडीचा, जो कुठल्याच हिशेबवहीत दिसत नाही, पण रोज हजारो माणसांच्या वेळेतून आणि इंधनातून वसूल होतो.

झीज मुख्यतः अवजड वाहनांमुळे होते. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या चाचण्यांतून एक ठोकताळा निघाला : रस्त्याचे नुकसान आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. केंद्राने २०१८ मध्ये चार टायर असलेल्या एका आसाची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाढ केवळ १३ टक्क्यांच्या आसपास, पण याच ठोकताळ्याने झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे दुरुस्तीचा मोठा वाटा मालट्रकने उचलावा, हे न्याय्यच.

कोंडीचे गणित मात्र उलटे आहे. चालकासह एक-दोन माणसे घेऊन येणाऱ्या मोटारी गर्दीच्या वेळी सर्वाधिक जागा अडवतात. स्टॉकहोमने २००६ मध्ये शहरात शिरणाऱ्या वाहनांवर वेळेनुसार शुल्क लावून पाहिले. वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि २००७ पासून ते शुल्क कायम झाले. मुंबईने मात्र याच वाहनांवरचा होता तो दरही काढून टाकला.

मग मोकळ्या पुलावर टोल कशाला?

फ्रेंच अभियंता ज्यूल दुप्यूई याने १८४४ मध्येच हा प्रश्न मांडला होता. पूल एकदा बांधून झाला आणि त्यावर गर्दी नसेल, तर आणखी एक वाहन गेल्याने जवळपास काहीच खर्च वाढत नाही. अशा वेळी चढ्या टोलमुळे जे वाहन मागे फिरते, त्याचा फायदा कुणालाच होत नाही. पूल रिकामा, वाहन वाशीच्या कोंडीत आणि वसुलीही शून्य. अटल सेतूसाठी जपानी संस्थेचे कर्ज घेतले आहे आणि ते फेडावे लागणार, हे खरे. पण वाशीला गर्दीच्या वेळी शुल्क आणि सेतूवर कमी टोल असा एकत्रित विचार केला, तर कर्जही फिटेल आणि दोन्ही पुलांचा वापरही नीट होईल.

इंधनावर आपण कर देतोच ना?

देतो, आणि ही तक्रार रास्त आहे. मे २०२२ च्या कपातीनंतरही पेट्रोलवर लिटरमागे पाच आणि डिझेलवर दोन रुपये रस्ते व पायाभूत सुविधा अधिभार उरला होता. उपकर असल्याने तो राज्यांशी वाटून घेण्याचे बंधन केंद्रावर नाही. शिवाय विजेवरील वाहने वाढतील तसा हा झरा आटणार. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेवरील मोटारींना टोलही माफ केला. म्हणजे ही वाहने इंधनकरही देत नाहीत आणि या मार्गांवर टोलही नाही. सुरुवातीला प्रोत्साहन म्हणून हे ठीक, पण त्याला मुदत हवी. न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून अशा मोटारींना किलोमीटरमागे शुल्क लावले आहे.

लोकांचा राग मग चुकीचा का?

नाही. कोल्हापूरकरांनी टोल उखडून लावला तो फुकटेपणाने नव्हे. करारात काय आहे, किती वसूल झाले, किती उरले, हे कुणी सांगत नव्हते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची वसुली २००४ मध्ये ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन १५ वर्षांसाठी दिली गेली. ती मुदत संपली, तरी टोल सुरूच आहे. लोकांचा विश्वास उडतो तो असा.

म्हणून माफीची घोषणा करण्याआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात. प्रत्येक नाक्यावर आणि संकेतस्थळावर मूळ खर्च, आजवरची वसुली आणि शेवटची तारीख लावावी. दर वजन, अंतर आणि वेळेनुसार ठरवावा. आणि गर्दीतून मिळणारा पैसा बेस्ट, एसटी आणि लोकलवर खर्च व्हावा, म्हणजे मोटार घरी ठेवणाऱ्याला खरा पर्याय मिळेल. रस्त्याचे पैसे कुणाला तरी द्यावेच लागतात. ते कोणी द्यायचे, हे उघडपणे ठरले नाही, तर बिल गुपचूप त्यालाच जाते, ज्याच्याकडे मोटारच नाही.